गाठीतले जनुक आणि घराण्यातले जनुक

बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडला, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘बरा होईल ना, डॉक्टर?’ दुसरा प्रश्न सहसा लगेच येत नाही. बाकीचे बाहेर गेले की एक जण मागे थांबतो आणि आवाज खाली आणून विचारतो, ‘हे रक्तातून पुढे मुलांना जात नाही ना?’ सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत हा प्रश्न मी असंख्य वेळा ऐकला आहे. मात्र ‘घरात याआधी कोणाला कॅन्सर होता का?’ असे आम्ही विचारले, की उत्तर तत्काळ येते, ‘छे, आमच्यात कोणालाच नाही.’ दोन-तीन भेटींनंतर हळूहळू कळते, की आत्याला ‘पोटात गोळा’ झाला होता आणि आजी ‘छातीच्या गाठीने’ चाळिशीतच गेली होती.

ही भीती आणि ही लपवाछपवी, दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. ‘कॅन्सर हा जनुकांचा आजार आहे’ हे वाक्य अलीकडे सतत कानावर पडते. ते खरे आहे. पण ऐकणारा त्याचा अर्थ ‘कॅन्सर आनुवंशिक आहे’ असा घेतो आणि तिथे गफलत होते. दर शंभर रुग्णांपैकी साधारण पाच ते दहा जणांमध्येच आई-वडिलांकडून आलेले सदोष जनुक कॅन्सरला कारणीभूत असते. उरलेल्या नव्वद-पंचाण्णव जणांच्या गाठीतही जनुके बिघडलेलीच असतात. पण तो बिघाड त्यांच्या हयातीत, शरीराच्या एखाद्या पेशीत झालेला असतो. तो त्यांनी आई-वडिलांकडून घेतलेला नसतो आणि मुलांना देताही येत नाही.

म्हणजे जनुके दोन ठिकाणी तपासायची असतात. एक गाठीत आणि दुसरे घराण्यात. गेल्या पन्नास वर्षांतल्या संशोधनाने या दोन्ही ठिकाणी डोकावण्याची सोय केली आहे. कुठे काय शोधायचे आणि त्याचा उपयोग काय, हे सर्वसामान्य माणसाला ठाऊक असायला हवे.

पेशी का बिघडते?

आपल्या प्रत्येक पेशीत डीएनएच्या रूपाने शरीराची सगळी माहिती साठवलेली असते. ही माहिती चार अक्षरांत लिहिलेली आहे आणि आईकडून वा वडिलांकडून आलेल्या एका संचात अशी सुमारे तीन अब्ज अक्षरे असतात. पेशीचे विभाजन होताना दर वेळी ही सगळी अक्षरे नव्याने उतरवून काढावी लागतात. उतरवताना चुका होणारच. त्यातल्या बहुतेक चुका पेशी स्वतःच दुरुस्त करते. ज्या राहून जातात, त्यातल्या बऱ्याच निरुपद्रवी असतात. पण चूक नेमकी पेशीच्या वाढीवर ताबा ठेवणाऱ्या जनुकात झाली, तर प्रश्न निर्माण होतो.

अशी जनुके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. काही गाडीच्या ॲक्सिलरेटरसारखी असतात, ती पेशीला वाढायला सांगतात. काही ब्रेकसारखी असतात. ॲक्सिलरेटर दाबलेलाच राहिला किंवा ब्रेक निकामी झाले, तर गाडी ताब्यात राहत नाही. १९७६ मध्ये मायकेल बिशप आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी दाखवून दिले, की कोंबड्यांमध्ये कॅन्सर घडवणाऱ्या एका विषाणूतले जनुक मुळात कोंबडीच्याच निरोगी पेशीतले आहे. कॅन्सरची शक्यता बाहेरून यावी लागत नाही, ती पेशीच्या रोजच्या कामाच्या यंत्रणेतच असते, हे त्यामुळे कळले. या शोधासाठी त्यांना १९८९ चे नोबेल मिळाले. १९८२ मध्ये तर मूत्राशयाच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये ‘रास’ नावाच्या जनुकात फक्त एका अक्षराचा बदल सापडला. तेवढ्या एका अक्षराने ॲक्सिलरेटर अडकला होता.

ब्रेकचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे ‘पी-५३’ हे जनुक. पेशीच्या डीएनएला इजा झाली, की ते विभाजन थांबवते आणि इजा दुरुस्त होण्यासारखी नसेल तर त्या पेशीला मरायला लावते. माणसाच्या जवळपास निम्म्या कॅन्सरमध्ये हे जनुक बिघडलेले आढळते.

एकच बिघाड सहसा पुरत नाही. एकाच पेशीत वर्षानुवर्षे एकावर एक बिघाड साचत जातात, म्हणून वय वाढते तसा कॅन्सरही वाढतो. आणि हे बिघाड साचण्याचा वेग आपल्या सवयी वाढवू शकतात. तंबाखूची गोळी गालात ज्या जागी दाबून ठेवतात, त्या गाल आणि हिरडीच्या मधल्या भागात आपल्याकडे कॅन्सरचे प्रमाण मोठे आहे. कॅन्सरच्या जनुकांचा जागतिक आराखडा तयार करण्याचे काम सुरू झाले, तेव्हा भारताने आपल्या वाट्याला हाच कॅन्सर घेतला. पश्चिम बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि टाटा स्मारक केंद्राची खारघर येथील ॲक्ट्रेक ही संस्था यांनी मिळून केलेले हे काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. रुग्णांच्या गाठीत पी-५३ सह अनेक जनुकांमध्ये बिघाड सापडले.

गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये तर जनुक बदलावेही लागत नाही. एचपीव्ही हा विषाणू पेशीत शिरून अशी प्रथिने तयार करतो, की पी-५३ ने बनवलेले प्रथिनच नष्ट होते. ब्रेक जागेवर आहे, पण पाय ठेवला तरी लागत नाही, अशी ती स्थिती असते.

तंबाखूने गालातल्या पेशीत केलेला बिघाड त्या गालातच राहतो. तो बीजांडात किंवा शुक्राणूत जात नाही. त्यामुळे वडिलांच्या तोंडाच्या कॅन्सरबद्दल ‘मुलांना जाईल का’ असे कोणी विचारले, तर माझे उत्तर असे असते, की जनुकातून जाण्याची धास्ती घेऊ नका. खिशातल्या पुडीतून मात्र जाऊ शकतो.

गाठीतले जनुक औषध सुचवते

गाठीतला नेमका बिघाड कळला, तर त्यावरच घाव घालता येईल का? या प्रश्नाचे पहिले ठाम उत्तर रक्ताच्या एका कॅन्सरने दिले. १९६० मध्ये फिलाडेल्फियातील पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना ‘सीएमएल’ या प्रकारच्या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. ते आखूड का, हे जॅनेट रोली यांनी १९७३ मध्ये सांगितले. नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली होती. या अदलाबदलीत दोन जनुके एकमेकांना चिकटून एक नवे, सतत चालू राहणारे जनुक तयार होते. त्याने बनवलेल्या प्रथिनाला अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. आखूड गुणसूत्र दिसल्यापासून गोळी मिळेपर्यंत एकेचाळीस वर्षे गेली. पण पूर्वी जो आजार बहुतेक रुग्णांना काही वर्षांतच घेऊन जात असे, त्याचे रुग्ण आज वेळेवर निदान झाले आणि गोळी न चुकता घेतली, तर जवळपास इतरांएवढे जगतात.

या गोळीचा भारताशी आणखी एक संबंध आहे. तिच्या सुधारित रूपाच्या पेटंटचा दावा १ एप्रिल २०१३ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला. मूळ कंपनीच्या औषधाची किंमत महिन्याला लाखाच्या घरात होती, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध दहा हजारांच्या आत मिळत होते. निकालामुळे ते मिळत राहिले. प्रयोगशाळेतला शोध रुग्णापर्यंत पोहोचण्याच्या वाटेत किंमत नावाचा एक मोठा अडसर असतो, हे त्या खटल्याने सगळ्यांना दाखवून दिले.

यानंतर अशी औषधे एकामागून एक आली. स्तनाच्या कॅन्सरच्या साधारण १५ ते २० टक्के रुग्णांमध्ये ‘हर-टू’ हे जनुक प्रमाणाबाहेर काम करते. पूर्वी हा प्रकार फार आक्रमक समजला जाई. १९९८ मध्ये त्यावर ट्रास्टुझुमॅब हे इंजेक्शन आले आणि चित्र पालटले. फुप्फुसाच्या कॅन्सरचा एक प्रकार बिडी-सिगारेटला कधी हातही न लावलेल्या स्त्रियांमध्येही दिसतो. त्यांच्यापैकी अनेकींच्या गाठीत ‘ईजीएफआर’ या जनुकात बदल असतो आणि त्या बदलावर चालणारी गोळी मिळते. म्हणूनच आज ‘कॅन्सर कोणत्या अवयवाचा?’ एवढ्यावर आमचे काम भागत नाही, ‘गाठीत कोणता बिघाड आहे?’ हेही विचारावे लागते.

अपेक्षा मात्र वास्तवाला धरून ठेवाव्यात. अशा गोळ्यांनी महिनोन् महिने, कधी काही वर्षे चांगली जातात. पण अनेकदा पेशींमध्ये नवा बिघाड होऊन औषध लागू पडेनासे होते. मग पुन्हा तपासणी, पुन्हा नवे औषध. तोंडाच्या कॅन्सरसारख्या आपल्याकडच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये आजही शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांवरच मुख्य भिस्त आहे. नवी औषधे सगळीच सरकारी योजनांमध्ये बसत नाहीत. रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बाहेर काढून, त्यांच्या जनुकांत बदल करून पुन्हा शरीरात सोडण्याचा ‘कार-टी’ हा उपचार पवईच्या आयआयटीने टाटा स्मारक केंद्राच्या साथीने विकसित केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. परदेशात या उपचाराला कोट्यवधी रुपये लागतात, इथे तो खर्च काही लाखांवर आला. ही अभिमानाची गोष्ट आहे. पण तो फक्त रक्ताच्या व लसिका ग्रंथींच्या काही ठरावीक कॅन्सरसाठी आहे आणि काही लाख हेही बहुतेक घरांना जमीन विकायला लावणारेच आहेत.

इथे एक साधी सूचना. बायोप्सीत काढलेला तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जतन केला जातो. त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. गाठीतली बहुतेक जनुके या ब्लॉकवर तपासता येतात, अगदी काही वर्षांनंतरही. रुग्णालय बदलताना नातेवाईक फक्त रिपोर्टाचा कागद घेऊन येतात. ब्लॉक आणि काचपट्ट्या मागून घ्या, त्यावरचा क्रमांक लिहून ठेवा, पावती जपा. नाहीतर रुग्णाला पुन्हा सुई खावी लागते आणि उपचाराचे दोन-तीन आठवडे वाया जातात.

घराण्यातले जनुक कधी शोधायचे?

आता त्या पाच-दहा टक्क्यांकडे वळू. स्तनाचा कॅन्सर आणि आनुवंशिकता यांचा संबंध असावा, हे आपल्याकडे फार आधी मांडले ते डॉ. कमल रणदिवे यांनी. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या रणदिवेंनी डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईत संशोधन केले. इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी पेशी प्रयोगशाळेत वाढवण्याची सोय उभी केली आणि उंदरांवर स्तनाच्या कॅन्सरचा अभ्यास केला. पुढे अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग यांनी अनेक कुटुंबांच्या वंशावळी तपासून १९९० मध्ये असे एक जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले. १९९४ मध्ये ते जनुक हाती आले, ‘बीआरसीए-१’. पाठोपाठ ‘बीआरसीए-२’ही सापडले.

ही जनुके मुळात आपली मित्र आहेत. डीएनए तुटला तर तो सांधणे हे त्यांचे काम. प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची आणि एक वडिलांची. एक प्रत जन्मतःच सदोष असेल, तर दुसरी काम चालवून नेते. पण ती दुसरीही एखाद्या पेशीत बिघडली, की त्या पेशीची दुरुस्ती थांबते. सर्वसाधारण भारतीय स्त्रीमध्ये आयुष्यात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता सुमारे तीस जणींत एकीला असते. या जनुकांत दोष असलेल्या दर शंभर स्त्रियांपैकी मात्र साधारण साठ-सत्तर जणींना तो होऊ शकतो. अंडाशयाच्या कॅन्सरचाही धोका कितीतरी पटींनी वाढतो. तरीही प्रत्येकीला तो होतोच असे नाही. चाचणीत दोष सापडणे म्हणजे कॅन्सर असणे नव्हे.

याबाबत घरोघरी दिसणारा एक समज खोडून काढायला हवा. स्तनाचा कॅन्सर ‘आईकडून मुलीला’ येतो, असे मानले जाते. प्रत्यक्षात सदोष प्रत वडिलांकडूनही तितकीच येऊ शकते. दोन्ही बाबतीत ती अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी, मुलगा असो वा मुलगी. त्यामुळे मावशीइतकीच आत्याही महत्त्वाची आहे. पुरुषांमध्ये हाच दोष स्तनाच्या किंवा प्रोस्टेटच्या कॅन्सरला कारण ठरू शकतो.

मग चाचणी कोणी करावी? सगळ्यांनी नाही. स्तनाचा कॅन्सर कमी वयात, विशेषतः पंचेचाळिशीच्या आत झाला असेल, दोन्ही स्तनांत झाला असेल, पुरुषाला झाला असेल, अंडाशयाचा कॅन्सर कोणत्याही वयात झाला असेल किंवा एकाच बाजूच्या नात्यात दोन-तीन जणांना असे कॅन्सर झाले असतील, तर डॉक्टरांकडे विषय काढा. मोठ्या आतड्याचा आणि गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर पन्नाशीच्या आत झाला असेल, तर तिथेही एक वेगळा आनुवंशिक दोष असू शकतो. लहान मुलाच्या डोळ्याची बाहुली फोटोत पांढरी चमकत असेल, तर वेळ न घालवता नेत्रतज्ज्ञांना दाखवा. डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर काही मुलांत आनुवंशिक असतो.

चाचणी शक्यतो ज्याला आजार झाला आहे, त्याच्यापासून सुरू करावी. दोष सापडला तर नातेवाइकांमध्ये तेवढाच एक दोष शोधावा लागतो आणि खर्चही कमी होतो. मोठेपणी होणाऱ्या कॅन्सरसाठी लहान मुलांची चाचणी करत नाहीत. ती सज्ञान झाल्यावर स्वतः ठरवतील. काही वेळा रिपोर्टात ‘बदल आहे, पण त्याचा अर्थ निश्चित नाही’ असे येते. भारतीयांच्या बाबतीत हे जास्त होते, कारण जगातली बरीच माहिती युरोपीय वंशाच्या लोकांच्या तपासण्यांतून जमली आहे. अशा निष्कर्षावर कोणतीही शस्त्रक्रिया करायची नसते. म्हणून चाचणीच्या आधी आणि नंतर जाणकाराशी सविस्तर बोलणे आवश्यक आहे. घरपोच किट मागवून, लाळ पाठवून, मोबाइलवर आलेला रिपोर्ट एकट्याने वाचण्याची ही गोष्ट नाही.

कळून उपयोग काय, असेही विचारतात. उपयोग आहे. दोष असलेल्या स्त्रीची एमआरआयसह नियमित तपासणी लवकरच्या वयात सुरू करता येते. मुले झाल्यानंतर, साधारण ३५ ते ४५ या वयात अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकल्या, तर अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका मोठ्या प्रमाणात घटतो. आजार झालाच, तर औषधही वेगळे मिळते. ज्या पेशींची दुरुस्तीची एक वाट आधीच बंद आहे, त्यांची दुसरी वाट अडवणारी ओलापॅरिब ही गोळी २०१४ पासून वापरात आहे. निरोगी पेशी पहिल्या वाटेने तग धरतात, कॅन्सरच्या पेशी मरतात.

वंशावळीतली रिकामी जागा

आता सुरुवातीच्या त्या उत्तराकडे पाहू: ‘आमच्यात कोणालाच नाही.’ यामागे बहुतेक वेळा मुलीच्या लग्नाची काळजी असते. स्थळ हातचे जाईल म्हणून आईचा आजार लपवला जातो, मावशीचा सांगितलाच जात नाही, आजीचा तर कोणाला आठवतच नाही. ही काळजी खोटी आहे असे मी म्हणणार नाही. समाज तसा वागतो, हे आम्हालाही दिसते. पण याची किंमत नेमकी त्याच मुलीला मोजावी लागते. तिशीत छातीत गाठ लागली, की ‘दुधाची असेल’ म्हणून ती अंगावर काढते, कारण आजी कशाने गेली हे तिला कोणी सांगितलेलेच नसते. महागडी चाचणी फार पुढची गोष्ट आहे. कोणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी कॅन्सर झाला, ही माहिती फुकट मिळते आणि कोणती चाचणी करायची हे त्यावरूनच ठरते. आपण तीच पुसून टाकतो.

स्थळ पाहणाऱ्यांनीही एवढे लक्षात घ्यावे, की घरात एखाद्याला कॅन्सर झाला म्हणजे ते घराणे ‘डागी’ ठरत नाही. देशात २०२२ या एका वर्षात साडेचौदा लाखांच्या आसपास नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज होता. कॅन्सर न शिवलेले घराणे शोधायला गेले, तर लग्ने होणे कठीण होईल.

आणि ज्यांच्या घराण्यात खरोखरच काही नाही, त्यांनीही निर्धास्त राहू नये. बहुतेक कॅन्सर आनुवंशिक दोषाशिवायच होतात. त्यांच्यासाठीचे उपाय जुने आहेत आणि आपल्याच मातीत तपासून झालेले आहेत. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजार स्त्रियांवर टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची संस्था यांनी मोठा अभ्यास केला. एचपीव्हीची चाचणी आयुष्यात फक्त एकदा केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. या विषाणूवरची लस आता पुण्यात बनते. मुंबईच्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी ठरावीक काळाने केवळ हाताने स्तन तपासले, तर पन्नाशीपुढच्या स्त्रियांमधले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. आणि तंबाखू सोडण्याला तर कोणतीच चाचणी लागत नाही.

दिवाळीला सगळे एकत्र जमतात, तेव्हा एक काम करा. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाजवळ बसा. आजोळचे आणि वडिलांकडचे मिळून तीन पिढ्यांत कोण कोणत्या आजाराने, कितव्या वर्षी गेले, हे एका कागदावर लिहून काढा. ‘पोटात गोळा’ म्हणाले तर कोणता, कुठल्या दवाखान्यात दाखवले होते, तेही विचारा. तो कागद मुलांच्या जन्मदाखल्यांच्या फायलीत ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना सोबत न्या. आम्ही ‘घरात आधी कोणाला?’ असे विचारू, तेव्हा तो आमच्यासमोर ठेवा.